पृथ्वीचे चुंबकक्षेत्र मोजणारी अंतराळ-उपकरणे: विदर्भातल्या कॉलेजांनी संशोधन-निधीसाठी वारंवार विचारलेले प्रश्न

गोंडवाना, अमरावती आणि नागपूर विद्यापीठांच्या कक्षेतल्या तालुका-गावच्या विज्ञान व अभियांत्रिकी कॉलेजांना समोर ठेवून ही उत्तरे लिहिली आहेत. योजनांच्या तारखा आणि मर्यादा दरवर्षी बदलतात. अर्जाआधी चालू जाहिरात वाचायचीच आहे, म्हणून त्या इथे दिलेल्या नाहीत.

जमिनीवर वेधशाळा आहेत. मग अंतराळातून मोजायचे कशाला?

भारतातल्या जुन्यात जुन्या नोंदींपैकी एक कुलाब्याची, १८४१ पासूनची. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये ते काम अलिबागला हलवले. आज नवी मुंबईची भारतीय भूचुंबकत्व संस्था देशभर वेधशाळा चालवते, त्यांतली एक नागपूरला आहे. पण पृथ्वीचा सुमारे ७० टक्के भाग समुद्राखाली आहे आणि तिथे वेधशाळा बांधता येत नाही. शिवाय जमिनीवरच्या एका ठिकाणाहून गाभ्याचे क्षेत्र, खडकांचे क्षेत्र आणि आयनांबरातले (वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरातले) विद्युतप्रवाह वेगळे करणे कठीण जाते. मॅगसॅट (१९७९), ओर्स्टेड (१९९९), चॅम्प (२०००) आणि २०१३ पासून फिरणारे स्वार्मचे तीन उपग्रह या कामासाठी सोडले गेले. मोबाइलमधल्या होकायंत्राला खरी उत्तर दिशा दाखवण्यासाठी जे जागतिक चुंबकीय मॉडेल लागते, ते दर पाच वर्षांनी नव्याने काढतात. सध्याचे २०२५ चे आहे आणि त्यामागे मुख्यतः स्वार्मची मोजणी आहे. स्वार्म ठरल्या आयुष्यापेक्षा कितीतरी जास्त चालले आहे. त्यामुळे लहान आणि स्वस्त उपग्रहांवर चालतील अशी उपकरणे सगळ्यांनाच हवी आहेत, आणि विद्यापीठांना शिरकाव करायला जागा आहे ती इथेच.

आमच्यासारख्या कॉलेजला यासाठी पैसा कोण देईल?

दारे बरीच आहेत, पण प्रत्येकाचा उंबरठा वेगळा.

इस्रोचा रिस्पॉन्ड कार्यक्रम सर्वांत थेट. इस्रोची केंद्रे आपल्याला हव्या असलेल्या संशोधन-विषयांची यादी काढतात, तिला रिस्पॉन्ड बास्केट म्हणतात. यादीतला विषय निवडला तर तुमचे काम कुणाला हवे आहे हे सिद्ध करत बसावे लागत नाही. स्वतःचा विषयही देता येतो, पण मग इस्रोतल्या एखाद्या शास्त्रज्ञाला त्यात रस आहे हे आधी पत्रव्यवहारातून पक्के करा. ओळखपाळख नसताना पाठवलेला प्रस्ताव बहुधा मागेच राहतो.

अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन, म्हणजे एएनआरएफ. २०२३ च्या कायद्याने ती आली आणि संशोधन-निधी देणारे जुने मंडळ सर्ब तिच्यात विलीन झाले. नव्याने लागलेल्या प्राध्यापकांसाठी पंतप्रधान अर्ली करिअर अनुदान आहे. मोठ्या संस्थेभोवती लहान विद्यापीठे जोडणारी पेअर योजनाही आहे. तिच्यात मोठी संस्था केंद्र असते आणि तुम्ही आरा, त्यामुळे तो अर्ज विद्यापीठ पातळीवर होतो, कॉलेजातून नाही.

राज्यात राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोग आहे. गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातले विज्ञान-तंत्रज्ञान संसाधन केंद्र त्याच्याच मदतीने उभे राहिले. मात्र आयोगाचा कल स्थानिक उपयोगाकडे असतो. तिथे ‘अंतराळ मॅग्नेटोमीटर’ (चुंबकक्षेत्र मोजणारे उपकरण) म्हणून गेलात तर भुवया उंचावतील. ‘जिल्ह्यातले भूचुंबकीय नोंद-केंद्र आणि विद्यार्थ्यांचे उपकरण-प्रशिक्षण’ म्हणून गेलात तर बोलणे पुढे सरकेल, आणि पहिल्या दोन वर्षांचे काम खरोखर तेच असते.

प्रयोगशाळेतल्या पायाभूत सोयींसाठी विज्ञान-तंत्रज्ञान विभागाची फिस्ट योजना असते. तिच्यातून ऑसिलोस्कोप, स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर, करंट सोर्स अशा वस्तू घ्या. त्या प्रकल्पाच्या बजेटात कोंबल्या की परीक्षक म्हणतात, ‘यांच्याकडे साधी प्रयोगशाळासुद्धा नाही.’

अर्ज कोण करू शकतो? सीएचबीवरचे प्राध्यापक चालतील का?

प्रमुख संशोधक म्हणून बहुतेक योजना नियमित, पूर्णवेळ प्राध्यापकच मागतात. तासिका तत्त्वावरच्या सर-मॅडमना सह-संशोधक करता येते का, ते त्या योजनेच्या नियमात पाहा. निवृत्तीला प्रकल्पाच्या मुदतीपेक्षा कमी काळ उरला असेल तर सह-संशोधक तरुण ठेवा आणि प्रकल्प पुढे त्यांच्याकडे जाईल असे प्राचार्यांचे पत्र जोडा. कॉलेजला यूजीसीची २(एफ) मान्यता आणि केंद्राच्या अनुदानाला पात्र ठरवणारी १२(बी) मान्यता आहे का, तेही आत्ताच तपासा. अनेक विनाअनुदानित कॉलेजांकडे पहिली असते, दुसरी नसते, आणि हे कळते तेव्हा अर्जाची मुदत दोन दिवसांवर आलेली असते.

एकट्याने अर्ज करावा की जोडीदार घ्यावा?

जोडीदार घ्याच, पण नावापुरता नको. चुंबकीय कॅलिब्रेशन आणि संदर्भ-नोंदी भूचुंबकत्व संस्थेकडे आहेत. अंतराळासाठी इलेक्ट्रॉनिक्स बनवण्याचा अनुभव इस्रोच्या केंद्रांकडे आहे. आदित्य-एल१ वरचा मॅग्नेटोमीटर बंगळुरूच्या लिओस या इस्रोच्या प्रयोगशाळेने केला. विद्यार्थ्यांचा उपग्रह कसा तडीस न्यायचा हे पुण्याच्या सीओईपीने ‘स्वयम्’मध्ये आणि आयआयटी मुंबईने ‘प्रथम’मध्ये करून दाखवले. दोन्ही २०१६ मध्ये पीएसएलव्हीवरून गेले. जोडीदाराच्या पत्रात ‘सहकार्य करू’ एवढेच असेल तर त्याला किंमत नाही. ‘त्रिअक्षीय कॉइल अमुक आठवड्यांसाठी देऊ’, ‘प्रोटॉन मॅग्नेटोमीटर जागा-तपासणीसाठी देऊ’ असे लेखी हवे.

प्रस्तावात वचन कशाचे द्यायचे?

बहुतेक प्रस्ताव इथेच पडतात. पैसा जास्त मागितला म्हणून नव्हे, तर न झेपणारे मोजमाप कबूल केले म्हणून.

‘आमचा क्यूबसॅट (दहा सेंटीमीटरच्या ठोकळ्यांचा लहान उपग्रह) पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा नकाशा करेल’ असे लिहिले की परीक्षक लगेच दिशेचा हिशेब मांडतो. विदर्भात जमिनीवर एकूण क्षेत्र ४४–४५ हजार नॅनोटेस्ला (चुंबकक्षेत्र मोजण्याचे एकक) आहे. ४५,००० धरले तर सेन्सरचा अक्ष एक अंशाने चुकला की क्षेत्राला काटकोनातल्या घटकात सुमारे ७८५ नॅनोटेस्लाची चूक येते. एका कलेने (अंशाच्या साठाव्या भागाने) चुकला तर १३, आणि एका विकलेने (कलेच्या साठाव्या भागाने) चुकला तर ०.२. स्वार्मवर तारे पाहणारे कॅमेरे आणि सदिश (क्षेत्राची दिशाही मोजणारा) मॅग्नेटोमीटर एकाच ताठ बैठकीवर बसवलेत ते याचसाठी. साध्या क्यूबसॅटची दिशा अर्ध्या-एक अंशापर्यंत कळते. मग सेन्सर कितीही चांगला असला तरी नकाशा होणार नाही.

वेळेचेही तसेच. ध्रुवीय कक्षेत उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर धावतो आणि घटकांचे मूल्य सेकंदाला ५० नॅनोटेस्लापर्यंत बदलते. घड्याळ १० मिलिसेकंद चुकले तर अर्धा नॅनोटेस्ला गेला. म्हणून प्रत्येक नमुन्यावर जीपीएसच्या सेकंद-ठोक्याचा शिक्का हवा, फाइल लिहिल्याची वेळ उपयोगाची नाही.

झेपण्यासारखी वचने तीन. पहिले, दिशेची गरज नसलेले फक्त एकूण तीव्रतेचे मापन. दुसरे, क्षेत्राच्या जलद बदलांचे मापन, उदाहरणार्थ ध्रुवीय भागातले विद्युतप्रवाह. तिथे मंद चूक वजा करता येते. तिसरे आणि सर्वांत प्रामाणिक म्हणजे तंत्र-प्रात्यक्षिक: ‘हा सेन्सर कक्षेत इतके महिने इतक्या गोंगाटात (संकेतातल्या नको त्या चढउतारांत) चालतो’ एवढेच दाखवणे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने हीच पायरी घेतली. त्यांचा नवा फ्लक्सगेट (हा सेन्सर पुढच्या उत्तरात समजावला आहे) आधी प्रयोगशाळेत, मग २०२२ मध्ये नॉर्वेतून उडालेल्या साउंडिंग रॉकेटवर आणि २०२५ मध्ये नासाच्या ट्रेसर्स उपग्रहांवर प्रात्यक्षिक म्हणून गेला. प्रत्येक पायरीला वेगळा, आधीपेक्षा मोठा निधी होता.

सेन्सर कोणता निवडावा?

मुख्य काम फ्लक्सगेटचेच. पर्मअ‍ॅलॉय या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूच्या कड्यावर एक गुंडाळी असते, तिच्यातून साधारण १० ते १५ किलोहर्ट्झचा प्रवाह सोडून गाभा दोन्ही दिशांना संपृक्त करतात. बाहेरचे क्षेत्र असेल तर दुसऱ्या गुंडाळीत दुप्पट वारंवारतेचा संकेत उमटतो. तो पकडून तेवढाच उलटा प्रवाह परत देतात आणि त्या प्रवाहावरून क्षेत्र मोजतात. ऐकायला सोपे आहे. अडचण कड्यात आहे. मिश्रधातू पातळ लाटून उच्च तापमानाला हायड्रोजनमध्ये तापवावा लागतो, आणि तापवण्यात थोडे इकडेतिकडे झाले की गोंगाट दसपट वाढतो. जगभर पूर्वीचा जुना साठाच वापरला जात होता आणि तो आटत आल्यामुळेच विद्यापीठे पुन्हा कडी बनवायला लागली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत कडी बनवण्याचे वचन देऊ नका. तयार सेन्सर-डोके विकत घ्या आणि इलेक्ट्रॉनिक्स स्वतः करा. परदेशी विक्रेता अंतिम वापराचे प्रमाणपत्र मागू शकतो, त्याला लागणारे महिने वेळापत्रकात धरा.

दुसरा मार्ग चुंबक-प्रेरणीय चिपचा, उदाहरणार्थ पीएनआयची आरएम३१००. काही हजार रुपयांत येते, वजन काही ग्रॅम. एका सेकंदाची सरासरी काढली तर दोन-तीन नॅनोटेस्लापर्यंत वाचते. मिशिगन विद्यापीठाने अशा चार चिप एका पाटीवर लावून गोंगाट कमी केला. सुरुवातीला हीच घ्या. बी.एस्सी.च्या मुलांच्या हातून बिघडली तरी प्रकल्प बुडत नाही.

अंकीकरणाचा हिशेब प्रस्तावात जरूर द्या. ±६५,००० नॅनोटेस्लाचा पल्ला १६ बिटांत वाटला तर एक पायरी २ नॅनोटेस्लाची होते. २० खरे बिट मिळाले तर ०.१२. ‘२४ बिट एडीसी (संकेताचे आकडे करणारी चिप) वापरू’ एवढेच लिहिणाऱ्याला खरे बिट किती, हे विचारलेच जाते.

कॅलिब्रेशनची कॉइल कॉलेजात करता येते का?

येते, आणि करावीच. प्रस्तावात तिचा फोटो आणि मोजलेला आलेख असला की अर्धे काम झाले.

हेल्महोल्ट्झ जोडीत दोन सारखी वर्तुळे त्रिज्येइतक्या अंतरावर ठेवतात. त्रिज्या ५० सेंटीमीटर, प्रत्येकी ५० वेढे आणि अर्धा अँपिअर प्रवाह घेतला तर मध्यभागी ४५,००० नॅनोटेस्ला मिळते, म्हणजे विदर्भातले पृथ्वीचे क्षेत्र जेमतेम खोडता येते. एका जोडीला ३१४ मीटर तार लागते. मोटर-वाइंडिंगवाल्याकडची १९ गेज एनॅमल तांब्याची तार घेतली तर वजन सव्वादोन किलोच्या आसपास आणि रोध सुमारे ७ ओम. तीन अक्षांच्या तीन जोड्या एकात एक बसाव्यात म्हणून त्रिज्या थोड्या वेगवेगळ्या ठेवतात. मधल्या ५ सेंटीमीटरच्या आत क्षेत्र १०,००० त एक भागाइतके सारखे असते, १५ सेंटीमीटरवर ती चूक एक टक्का होते. म्हणून सेन्सर बरोबर मध्यावर बसेल असा लाकडी ठोकळा करून घ्या.

चौकट लोखंडी अँगलची नको, हे सगळ्यांना कळते. पण स्क्रू मात्र तिथलेच वापरतात. सागवान घ्या, जोड लाकडी खुंट्यांचे किंवा पितळी स्क्रूचे ठेवा. आलापल्लीच्या सागाला याहून वेगळे कौतुक नको: तो कमी फुगतो, कमी वाकतो.

चुकते ते प्रवाहात. ४५,००० पैकी १ नॅनोटेस्ला हवा तर अर्धा अँपिअर ११ मायक्रोअँपिअरच्या आत स्थिर राहायला हवा. बाकावरचा साधा पॉवर सप्लाय तेवढा स्थिर नसतो. कॉइलबरोबर एक अचूक, तापमानाने न बदलणारा रोध मालिकेत लावा, त्यावरचा व्होल्टेज साडेसहा अंकी मल्टिमीटरने वाचा आणि सप्लायच्या पडद्यावरचा आकडा विसरून जा.

संदर्भासाठी महागडे उपकरण नसेल तर?

पाण्याची बाटली घ्या. प्रोटॉन मॅग्नेटोमीटरचे तत्त्व कॉलेजात बसण्यासारखे आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीभोवती काही शे वेढे गुंडाळायचे, त्यांतून एक-दोन अँपिअर तीन ते पाच सेकंद सोडायचा आणि झटकन बंद करायचा. मग प्रोटॉन पृथ्वीच्या क्षेत्राभोवती घुमतात आणि त्याच कॉइलमध्ये मायक्रोव्होल्टचा संकेत येतो. दर नॅनोटेस्लाला ०.०४२५७७ हर्ट्झ या हिशेबाने आपल्याकडे तो १,९०० हर्ट्झच्या आसपास पडतो. पाण्याचा संकेत दोन-तीन सेकंद टिकतो, तेवढ्यात वारंवारता मोजायची. १ नॅनोटेस्ला हवा असेल तर ०.०४ हर्ट्झपर्यंत.

कॉइलचा अक्ष क्षेत्राला काटकोनात हवा. विदर्भात क्षेत्र उत्तरेकडे सुमारे ३० अंश खाली झुकलेले आहे, म्हणून बाटली पूर्व-पश्चिम आडवी ठेवली की झाले. खरा शत्रू म्हणजे ५० हर्ट्झ. तिचे १,८५०, १,९०० आणि १,९५० हे पट अगदी आपल्या संकेतात येऊन बसतात. महावितरणच्या तारांपासून, डीपीपासून आणि विहिरीवरच्या मोटारींपासून लांब जा. कृषी फीडर बंद असतो ती वेळ कॉलेजसाठी सर्वांत चांगली. भारनियमनाचा एवढाच काय तो उपयोग.

हे उपकरण दिशा सांगत नाही, पण एकूण तीव्रता पक्की सांगते. फ्लक्सगेट त्याच्या शेजारी निरनिराळ्या दिशांना फिरवून शंभर-दोनशे वाचने घ्या. तीन अक्षांचे गुणक, तीन शून्य-चुका आणि अक्षांमधले तीन कोन ही नऊ मूल्ये कमीत कमी वर्गांच्या पद्धतीने निघतात. पुढे कक्षेतही हेच गणित वापरायचे आहे, म्हणून कोड आत्ताच नीट लिहून ठेवा.

नोंद-केंद्रासाठी जागा कशी पाहायची?

पश्चिम विदर्भ बेसाल्टवर आहे. बुलढाणा, अकोला, वाशीम, अमरावती, यवतमाळच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असते आणि चार पावलांवर क्षेत्र शंभरांनी बदलू शकते. पूर्वेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत खडक जुने आणि बरेचसे शांत आहेत, पण सुरजागडच्या लोहखनिजाजवळ जाऊ नका. आधी दोन मीटरच्या चौकोनांनी चालत जागेचा नकाशा करा आणि सर्वांत सपाट कोपरा निवडा.

सेन्सर ज्यावर बसतो तो खांब हा सर्वांत दुर्लक्षित विषय. काळी माती पावसात फुगते आणि मार्च-एप्रिलात हात जाईल इतकी भेगाळते. खांब तिच्यावर उभा केला तर तो कलतो, आणि ०.१ अंश कलला की घटकात चाळीस ते सत्तर नॅनोटेस्ला सरकतात. सूर्यामुळे होणारा रोजचा शांत दिवसाचा चढउतारही साधारण तेवढाच असतो. म्हणजे तुम्ही सूर्याऐवजी वावर मोजत बसता. मुरूम लागेपर्यंत खणा. सळ्या घालू नका. नेहमीची काळी गिट्टी नको, कारण ती बेसाल्टची. भाजलेल्या विटाही नकोत, भट्टीतून निघताना त्या चुंबकीय होऊन येतात. चुनखडीचा किंवा संगमरवराचा खडक वापरा आणि प्रत्येक टोपली चिपजवळ नेऊन तपासा.

सेन्सर जमिनीखाली मीटरभर पुरला तर तापमानाची हालचाल कमी होते. तांब्याची गुंडाळी अंशाला १७ दशलक्षांश भाग पसरते, म्हणजे ४५,००० वर पाऊण नॅनोटेस्ला. डिसेंबरच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत ३५ अंशांचा फरक पडला तर २५ पेक्षा जास्त नॅनोटेस्ला नुसत्या उन्हाचे. सेन्सरजवळ थर्मिस्टर हवाच.

उभी जीप दहा मीटरवर काही दहा नॅनोटेस्ला देते, तीस मीटरवर एक-दोन. लोखंडी धावेची बंडीही धुऱ्यावरून गेली की दिसते. कुंपण बांबूचे करा. केबल पाइपातून न्या, नाहीतर घुशी, उधई आणि रानडुकरे यांतले कुणीतरी ती खाते किंवा उकरते. जूनच्या पहिल्या विजांआधी दोन्ही टोकांना सर्ज-संरक्षण आणि अर्थिंग झालेले हवे.

वर्षभराची स्वच्छ नोंद हातात असली, तिच्यात एखादे चुंबकीय वादळ (सूर्यामुळे क्षेत्रात उठणारी खळबळ) दिसले आणि नागपूर वा अलिबागच्या नोंदीशी ते जुळले, तर दुसऱ्या निधीचा अर्ज जवळजवळ स्वतःच लिहिला जातो. मे २०२४ चे वादळ उणे ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास होते. असे एक वादळ चिपलासुद्धा चुकत नाही.

उपग्रहाची स्वतःची चुंबकता किती त्रास देते?

सेन्सरपेक्षा जास्त. फक्त ०.०१ अँपिअर-वर्गमीटर इतके चुंबकीय आघूर्ण (चुंबकाची ताकद), म्हणजे एखादी चुंबकलेली पट्टी, १० सेंटीमीटरवर २,००० नॅनोटेस्ला देते आणि मीटरभर अंतरावर २. अंतराच्या घनाच्या नियमाने क्षेत्र पडते म्हणून बूम (सेन्सर यानापासून लांब धरणारा दांडा) हवा. आदित्य-एल१ वर सहा मीटरचा आहे आणि त्यावर तीन व सहा मीटरवर दोन सेन्सर आहेत, म्हणजे यानाचे क्षेत्र वजा करता येते. क्यूबसॅटला अर्धा-एक मीटरही चालेल, पण दोन सेन्सर ठेवाच.

गुन्हेगार कोण, ते आधीच माहीत असते. बॅटरीच्या निकेल पट्ट्या, कनेक्टरवरच्या सोन्याखालचे निकेल, ३०४ स्टेनलेसचे स्क्रू (मुळात ते चुंबकीय नसतात, पण आटे पाडताना होतात), रिले, आणि उपग्रह वळवणाऱ्या चुंबकीय कॉइलचा गाभा. सौरपाटीच्या तारांनी १० वर्गसेंटीमीटरचे वेटोळे केले आणि अर्धा अँपिअर वाहिला, तर २० सेंटीमीटरवर १२ नॅनोटेस्ला, तेही ऊन-सावलीप्रमाणे बदलणारे. जाणारी आणि येणारी तार एकत्र पिळून न्या. उलट जोडलेल्या पाट्यांच्या जोड्या करा. कॉइल चालू असताना मोजू नका: वळवा, थांबा, मोजा.

बजेट कसे मांडावे?

मनुष्यबळापासून सुरुवात करा, कारण तो आकडा ठरलेला असतो. जेआरएफचा (कनिष्ठ संशोधन फेलोचा) दर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आणि एसआरएफचा (वरिष्ठ फेलोचा) ४२,००० आहे. दोन वर्षे जेआरएफ आणि एक वर्ष एसआरएफ मिळून १३,९२,००० रुपये, घरभाडे भत्ता वेगळा. तालुक्याच्या गावी फेलो टिकत नाही, नेट सुटली की जातो. म्हणून विषय पीएच.डी.ला जोडा आणि कॉलेज संशोधन-केंद्र म्हणून मान्य आहे का ते पाहा.

सेन्सर तीन धरा: एक तोडमोडीसाठी, एक उडण्यासाठी, एक जुळा. जुळा का, ते मे २०२५ ने दाखवले: पीएसएलव्ही-सी६१ कक्षेत पोहोचले नाही. प्रवासखर्चात बंगळुरू-पनवेलच्या फेऱ्या, उपकरण सोबत नेण्याचे भाडे आणि कंपन व निर्वात-तापमान चाचण्यांचे शुल्क धरा. ही चाचणी हमखास विसरतात. विदर्भाच्या उन्हात ठेवून काम भागत नाही, हवा काढून उणे तापमानापासून तापवेपर्यंत चक्रे द्यावी लागतात. आयातीवरचे सीमाशुल्क, जीएसटी आणि रुपयाची घसरण यांसाठी जागा ठेवा. सीमाशुल्काची सवलत हवी तर डीएसआयआरची (केंद्राच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन विभागाची) नोंदणी आधी लागते.

अंतराळात जायचा मार्ग कोणता?

हैदराबादची टीआयएफआरची फुगा-सुविधा, थुंबा-श्रीहरिकोट्याची साउंडिंग रॉकेटे आणि पोएम. पीएसएलव्हीचा चौथा टप्पा काम संपल्यावरही कक्षेत राहतो, त्यावर प्रयोग बसवतात ते पोएम. डिसेंबर २०२४ च्या पोएम-४ वर २४ उपकरणे होती, त्यांतली १० इस्रोबाहेरची. उपग्रह बांधावा लागत नाही, वीज आणि संदेशवहन मिळते. तोटा असा की तो टप्पा चुंबकीयदृष्ट्या स्वच्छ ठेवलेला नसतो आणि आयुष्य मोजक्या महिन्यांचे. ३५० किलोमीटरवर विदर्भावरचे क्षेत्र ३८ हजारांच्या आसपास असते, पल्ला तसा ठेवा. पहिल्यांदा उडणाऱ्यांनी पोएमच धरावे, स्वतःच्या क्यूबसॅटचा हट्ट नको.

परवानग्या कोणत्या?

बिगर-सरकारी आणि शैक्षणिक उपकरणांसाठी इन-स्पेस ही अंतराळ-कामाला परवानगी देणारी केंद्रीय संस्था. स्वतःचा रेडिओ ट्रान्समीटर असेल तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीकडून वारंवारता, आणि हौशी पट्टा वापरायचा तर आयएआरयू या हौशी रेडिओवाल्यांच्या जागतिक संघाशी समन्वय. हे काम रचना ठरताच सुरू करा, उपकरण तयार झाल्यावर नव्हे. कक्षेतून खाली कसे येणार हेही लिहून द्यावे लागते. एप्रिल २०२२ मध्ये सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आकाशातून रॉकेटचे कडे पडले, त्यामुळे हा प्रश्न चंद्रपूरकरांना समजावून सांगावा लागत नाही.

परदेशी निधी मिळेल का?

नासा परदेशी संस्थेला पैसे देत नाही, सहभाग बिनपैशाचा असतो. ईएसएचा (युरोपीय अंतराळ संस्थेचा) पैसा तिच्या सदस्य देशांतल्या संस्थांकडे जातो. स्वार्मची माहिती मात्र सगळ्यांना फुकट खुली आहे. तिच्यावर केलेला एक चांगला शोधनिबंध अर्जात बराच पुढे नेतो.

गावातले लोक विचारतात, याचा शेतीला काय उपयोग?

थेट काहीच नाही, आणि तसेच सांगावे. ड्रोन, जीपीएसने शेत मोजणे आणि वीजवाहिन्या यांना चुंबकीय वादळाचा त्रास होतो, एवढा आडून संबंध आहे. पीक वाढेल असे प्रस्तावात लिहिणाऱ्यांचे प्रस्ताव परीक्षक ओळखतात.

पैसे मंजूर झाले, पण दुसरा हप्ता येत नाही. काय चुकते?

बहुतेक वेळा उपयोगिता प्रमाणपत्र. जीएफआर १२-ए नमुन्यात, सनदी लेखापालाच्या सहीचा खर्चतक्ता जोडून, दर आर्थिक वर्षी ते द्यावे लागते. प्रकल्पाचे खाते वेगळे हवे, कॉलेजच्या सामान्य खात्यात पैसा मिसळला की तपासणीत अडकतो. व्याज सरकारचे असते, ते भारतकोश या सरकारी पोर्टलवर भरा. उपकरणाचे पैसे प्रवासाला वळवू नका, आधी लेखी परवानगी घ्या. खरेदी जेम या सरकारी ऑनलाइन बाजारातून, आणि विशिष्ट सेन्सर जेमवर नसेल तर तसा अनुपलब्धतेचा अहवाल फाइलला लावा. लेखा-लिपिकाला पहिल्याच दिवशी मंजुरीपत्राची प्रत द्या. बरेच घोळ त्याला अटी माहीत नसल्याने होतात.

प्रस्ताव नामंजूर झाला तर?

शेरे मागवा. ‘विषय चांगला, क्षमता अपुरी’ असा शेरा असेल तर विषय बदलू नका. कॉइल, बाटली आणि खांब एवढे कॉलेजच्या पैशातून किंवा विद्यापीठाच्या लहान अनुदानातून उभे करा आणि सहा महिन्यांची नोंद जोडून पुन्हा द्या. ‘नावीन्य नाही’ असा शेरा असेल तर बास्केटमधला दुसरा विषय पाहा. ‘मोजमापाचा हिशेब दिलेला नाही’ असे असेल तर गोंगाट, तापमान, दिशा, वेळ आणि यानाचे क्षेत्र या पाच चुकांचा एक तक्ता करा. प्रत्येकीपुढे नॅनोटेस्लाचा आकडा लिहा, वर्गांच्या बेरजेचे मूळ काढा आणि ते वचनापेक्षा कमी आहे का, हे अर्ज पाठवण्यापूर्वी स्वतः पाहा.